पळसदेवच्या ताणावरच्या बागा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण मागे टाकले की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीकाठचे जुने पळसदेव त्याच्या पोटात गेले. गाव उठून हमरस्त्याच्या कडेला येऊन बसले. पळसनाथाचे प्राचीन दगडी देऊळ मात्र जिथल्या तिथे राहिले. पाणी ओसरले की त्याचे शिखर डोके वर काढते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उघडे पडले, तेव्हा शहरातली मंडळी मोटारी भरभरून दर्शनाला लोटली. त्यांत आम्हीही होतो.

देऊळ पाहून परतताना रस्त्यालगत डाळिंबाची एक बाग दिसली. पाने पिवळी, जमीन भेगाळलेली. बरोबरची मंडळी हळहळली. बांधावरचे म्हातारे बागाईतदार हसून म्हणाले, "सर, बाग वाळली न्हाई, ताणावर हाय!"

मग त्यांनी सगळे उलगडून सांगितले. फळे उतरली की झाडाला तीनएक महिने विसावा द्यायचा. वाळक्या, रोगट फांद्या काढायच्या, जखमांवर बोर्डो पेस्ट लावायची, शेणखत आणि पाणी द्यायचे. झाड नवी पालवी धरते. ही पाने अन्न तयार करतात आणि ते खोडात, मुळांत साठते. त्यानंतर पाणी तोडायचे, म्हणजे ताण. हलक्या रानात तो थोडे दिवस, भारी काळ्या रानात अधिक. पानगळ झाली की शेंडे छाटून, खत घालून पाणी सोडायचे. साठवलेले बळ मग कळीतून बाहेर पडते.

आणि बळच साठले नसेल तर? कळ्या तरीही येतात, पण बऱ्याचशा नर, घंटेसारख्या. चार दिवस दिमाखात मिरवतात आणि गळून पडतात. फळ धरते ते फुगीर बुडाच्या, कुंभासारख्या कळीला. द्राक्षांचेही असेच आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी; मधल्या काळात काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी चाललेली असते.

हे सारे कळते. पण पाळायला पैसा लागतो. एका वर्षी भाव चढला होता. व्यापारी उचल द्यायला तयार, सोसायटीचा हप्ता तोंडावर आलेला. लगेच दुसरा बहार धरू, असे मुलगा म्हणत होता. म्हातारबाबांनी दुभती गाय विकून हप्ता भरला, पण झाडाला हात लावू दिला नाही. मुलगा महिनाभर धड बोलला नाही.

"बाळंतिणीला तुमी सव्वा म्हैना कामाला लावता का?" ते मला म्हणाले. "मग झाडानं काय गुन्हा केला?"

शेजारच्या रानात लागोपाठ बहार घेतलेली बाग होती. ती खचली, आज तिथे ऊस उभा आहे. यांच्या बागेत आता मुलगाच ताणाचे दिवस मोजतो.

आपल्या घरी मुलाची एक परीक्षा संपते न संपते तोच आपण त्याला पुढच्या वर्गाच्या शिकवणीला बसवतो आणि मार्कांची वाट पाहतो. कळ्या तर दिसतात. पण त्या कोणत्या, हे आपण पाहत नाही.

उन्हाळ्यात पळसनाथाच्या दर्शनाला जाल, तेव्हा वाटेवरची पिवळी बाग पाहून लगेच 'अरेरे' म्हणू नका. आधी बांधावर कोणी आहे का पाहा, आणि विचारा.