सुभेदाराच्या घरची रात्र
लष्करी सेवेचा वारसा म्हटला की पदके आणि तलवारी आठवतात; कोकणातील महार सैनिक कुटुंबांत मात्र तो बराचसा पाटी-पेन्सिलीच्या रूपाने उतरला, कारण कंपनी सरकारच्या पलटणींत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. मालोजी सकपाळ शिपाई होते. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले, म्हणजे देशी सैनिकाला तेव्हा मिळू शकणाऱ्या वरच्या हुद्द्यांपैकी एकावर पोहोचले, शिवाय लष्करी शाळेत शिकवत. आणि नातू भीमराव, म्हणजेच पुढचे डॉ. आंबेडकर, १८९१ साली महूच्या छावणीतच जन्मले. पुढे ‘लढाऊ जाती’ ठरवून भरती करण्याच्या धोरणामुळे, म्हणजे शौर्य जन्मावर ठरते या (खरे तर हास्यास्पद) समजुतीमुळे, महारांना पलटणीचे दार बंद झाले. पलटणीची शिस्त तेवढी घरात राहिली : परळच्या चाळीतील एकुलत्या एका खोलीत रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, लवकर झोपवलेल्या मुलाला अभ्यासाला उठवत आणि मगच स्वतः आडवे होत. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते दार पुन्हा उघडावे म्हणून झगडणाऱ्यांत हाच मुलगा होता.