सात वर्षांचे कलम

दक्षिणेकडील एका किनारी जिल्ह्यात काम करीत असताना एक मच्छीमार स्त्री माझ्या कार्यालयात वरचेवर येत असे. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परतला नव्हता. उलटलेली होडी सापडली होती, माणूस सापडला नव्हता. विमा, शासकीय साहाय्य, बँकेतील किरकोळ शिल्लक, सारेच मृत्यूच्या दाखल्यापाशी अडले होते आणि प्रेताविना दाखला द्यावा कसा, हा कार्यालयाचा प्रश्न होता. माझ्या आधीच्या दोघांनी नस्तीवर जे लिहिले तेच मीही लिहिले : भारतीय पुरावा अधिनियम, १८७२, कलम १०८ पाहावे. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत मानता येईल, तोवर प्रतीक्षा करावी. बाईचे म्हणणे कारकुनाने मला समजावून सांगितले. "सार, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. गावाने मानले. आता तुम्ही तेवढे राहिलात."

ते कलम मी नीट वाचले ते पुष्कळ नंतर. सात वर्षांनंतर पुराव्याचा भार कोणावर, एवढेच ते सांगते. त्याआधी परिस्थितीवरून मृत्यू सिद्ध करता येणार नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मनाई कायद्यात नव्हती, आमच्या सवयीत होती. (२०२४ च्या जुलैपासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यात हीच तरतूद कलम १११ म्हणून आली आहे, आणि बहुधा आमची सवयही तिच्यासोबत आली असेल.)

पुढे कोचीच्या धक्क्यावर खोल समुद्रात जाणाऱ्या एका नौकेवर चढण्याचा योग आला. कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूर, चिन्नतुरै, वळ्ळविळै या गावांतले मच्छीमार अशा नौकांवरून गळाने मुशी आणि टूना धरतात. दहा-बारा माणसे, पोटात बर्फ भरलेली नौका, आणि महिना महिना समुद्र. मैलोगणती लांब दोरीला शेकडो गळ लावलेले असतात. ती वेगाने सुटत असताना एखादा गळ हातात रुतला तर माणूसही तिच्याबरोबर ओढला जाण्याची भीती. जखम झाली तर डॉक्टर काही दिवसांच्या अंतरावर. रात्री मालवाहू जहाज अंगावर आले तर त्यावरच्यांना बहुधा पत्ताही लागत नाही. मोबाईल किनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर मुका होतो, वायरलेसची हाकही फार दूर जात नाही.

म्हणूनच ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी वादळ कन्याकुमारीजवळून गेले तेव्हा आधीच दूर गेलेल्यांना इशारा पोहोचला नाही. नंतर वेगळाच गोंधळ उडाला. माणसे तमिळनाडूची, पण कित्येक नौका केरळात नोंदलेल्या. मग बेपत्तांच्या यादीत कोणी कोणाला मोजायचे? त्यातच संविधानाप्रमाणे प्रादेशिक सागराबाहेरील मासेमारी हा केंद्राचा विषय. त्या दिवसांत अडुसष्ट नौका, सुमारे साडेनऊशे माणसांसह, आपल्या देवगड बंदरात सुखरूप लागल्या. कोकणातील त्या धक्क्यावर पाऊल ठेवीपर्यंत यांतल्या अनेकांच्या घरी त्यांची आशा सोडली गेली असेल.

जे परतले नाहीत त्यांच्या कुटुंबांना केरळ आणि तमिळनाडू या दोन्ही शासनांनी सात वर्षे ताटकळत न ठेवता साहाय्य दिले. २००४ च्या त्सुनामीनंतरही अशीच सवलत दिली गेली होती. हे उत्तमच झाले. पण त्यासाठी शेकडो माणसे एकाच वेळी बुडावी लागतात, वृत्तपत्रांत नाव छापले जाईल असे वादळ यावे लागते. एरवी एखाद्या साध्या रात्री एकच होडी उलटते, त्या घरासाठी विशेष आदेश निघत नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले संदेशयंत्र बसविण्याची योजना सुरू झाली. समुद्रात नेमके कोण, कुठे आहे हे त्यामुळे किनाऱ्यावर कळू शकेल. त्या नोंदी मृत्यूच्या चौकशीतही पुरावा म्हणून घेता येतील, हे कोणीतरी परिपत्रकात लिहायला हवे.

माझ्याजवळ तेव्हा अशी यंत्रे नव्हती, हे खरे. पण होडी सापडली होती. ती ओढून आणणारे दोन मच्छीमार त्याच गावात राहत होते. त्यांचे जबाब घ्यावेत हे मला सुचले नाही. माझी बदली झाली तेव्हा त्या नस्तीचे पाचवे वर्ष चालू होते.