चार टायर, एक कारकून

खंडेनवमीला सकाळी गाडी धुवायला काढली. चाकामागचा चिखल निघावा म्हणून स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवलं होतं आणि डाव्या पुढच्या चाकावर पाइप धरून हातानेच माती काढत होतो. बोटं टायरच्या आतल्या कडेवर गेली आणि थांबली. बाहेरून काळाभोर, खोल नक्षीचा दिसणारा टायर आतल्या बाजूने गोटा झाला होता. दोन बोटं रुंदीची पट्टी, ओल्या पाटीसारखी गुळगुळीत.

गाडी पाडव्याला घेतलेली. किलोमीटर ११,४००. साठ हप्त्यांपैकी चोपन्न बाकी.

मी झेंडूचा हार बॉनेटला बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि आप्पाला काही बोललो नाही. सणासुदीला कशाला, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच.

मी अकरा वर्षं पतसंस्थेत कारकून होतो. थोरला भाऊ, आप्पा, शेती बघतो. टोमॅटोला पिंपळगावला भाव मिळाला तर तिथेच, नाही तर रात्री निघून थेट वाशी. भाड्याच्या गाडीला दर खेपेला पैसे मोजण्यापेक्षा स्वतःची पिकअप घ्यावी, असं ठरलं आणि नोकरी सोडून मी स्टीअरिंगवर बसलो. गाडीबद्दलचं ज्ञान म्हणाल तर डिझेल कोणत्या बाजूने भरतात इतकंच. पण पतसंस्थेत एक सवय हाडात मुरलेली: ताळा जुळला नाही की कुठे तरी एक चूक असते, ती सापडेपर्यंत उठायचं नाही. टायरच्या बाबतीतही मी ती एक चूक शोधायला निघालो.

पहिला संशय टायरवरच. जुना माल माथी मारला असेल! टायरच्या कुशीवर शेवटी चार आकडे असतात, ते तयार झाल्याचा आठवडा आणि साल सांगतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्यावर ०६२४ होतं. २०२४ सालचा सहावा आठवडा. म्हणजे गाडी घेतली तेव्हा टायर जेमतेम दोन महिन्यांचा. तो संशय फिटला.

मग हवावाला. त्याने चारही चाकांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “मागे किती पाउंड भरता?”

“ऐंशी.”

“आणि येताना?”

येताना म्हणजे काय, तेच मला कळेना. येताना गाडी रिकामी असते, हवा तीच असते. त्याने मला मागच्या टायरपाशी बसवलं. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की पोट पुढे येतं आणि मधला भाग झिजतो. माझ्या मागच्या दोन्ही टायरांचा मधला भाग कडांपेक्षा स्पष्ट खाली गेलेला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर मागच्या टायरचा आकडा ६५ लिहिलाय, हे मी सहा महिन्यांत वाचलं नव्हतं. ऐंशी हा आकडा मला मार्केटमधल्या कुणी तरी दिला होता, आणि तो भरलेल्या गाडीसाठी होता. खरं तर खच्चून भरलेल्या गाडीसाठी.

खच्चून म्हणजे किती, हे लिहायला जरा लाज वाटते. गाडी दीड टनाची. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं. पंच्याहत्तर कॅरेटला दीड टन भरतो, हा हिशेब पाचवीतलं पोरही करेल. आम्ही पंच्याण्णव भरत होतो, कधी शंभर. शिवाय रिकाम्या कॅरेटचं वजन आम्ही कधी धरलंच नव्हतं. प्लास्टिकचं कॅरेट दीड-पावणेदोन किलोचं असतं. शंभर कॅरेटांचे दीडशेहून जास्त किलो नुसत्या प्लास्टिकचे. अकरा वर्षं पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने ही रक्कम वहीत लिहिलीच नव्हती.

म्हणजे चूक सापडली? नाही. हवा आणि वजन यांतून मागच्या टायरांचं उत्तर मिळत होतं. पुढचा टायर आतल्याच बाजूने का, याला ते लागू पडत नव्हतं. हवावाल्याने हात झटकले. “ते अलाइनमेंटचं. माझं काम नाही.”

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने टायर वाकून बघितला आणि म्हणाला, “सर, ड्रायव्हिंग स्टाइल.” हे दोन शब्द मला नंतर अनेक दिवस पुरले. मी वळणं जोरात घेतो का? ब्रेक करकचून मारतो का? त्याने टायर रोटेशन सुचवलं, पुढचे मागे, मागचे पुढे. दर आठ-दहा हजारांना ते करायचंच असतं, मी केलं नव्हतं, ही चूकही माझीच. वॉरंटीचं विचारलं तर कळलं, टायरची वॉरंटी टायरवाल्या कंपनीची, तीही बनावटीतल्या दोषाला, झिजेला नाही. पण रोटेशनचा सल्ला ऐकताना कारकुनाचं डोकं चालू होतं. एका खात्यात तूट येतेय, तर ती रक्कम दुसऱ्या खात्यावर फिरवून टाकायची. ऑडिटला तूट दिसणार नाही. तूट मात्र राहीलच.

एका ठिकाणी अलाइनमेंटही करून घेतली. चाकांना पट्टे लावले, पडद्यावर लाल-हिरवे चौकोन दिसले, पोराने खाली जाऊन पाना फिरवला, पैसे घेतले. कागद मागितला तर प्रिंटर बंद. दीड हजार किलोमीटरनंतर मी पुतण्याच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजलं. झीज कमी व्हायचं नाव नाही.

शेवटी ओझरच्या एका मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. पत्र्याची शेड, दोन पिकअप, एक ट्रॅक्टर. काका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. डाव्या हातात कप, उजवा तळवा टायरवर. बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर. मग मला म्हणाले, “डोळे मिटा आणि फिरवा.”

मी फिरवला. आतून बाहेर जाताना रबर गुळगुळीत. बाहेरून आत येताना प्रत्येक पट्टीची कड तळव्याला खरवडत होती, जणू मांजरीची जीभ. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हातालाच कळत होतं.

“फेंगडी चालतेय गाडी,” काका म्हणाले. “दोन्ही चाकांचे पंजे बाहेर. टो-आउट. चाक सरळ फिरत नाही, थोडं आडवं घासत जातं, म्हणून प्रत्येक पट्टीची एक कड बोथट आणि एक धारदार होते. हे हवेनं होत नाही.”

उजव्या पुढच्या टायरवरही तोच खरखरीतपणा होता, फक्त कमी. मग डावाच इतका का? काकांनी गाडीच्या समोर उकिडवं बसायला सांगितलं. नीट बघितल्यावर डावं चाक वरून किंचित आत झुकलेलं दिसलं. याला कॅम्बर म्हणतात. टो-आउटचा भार दोन्ही चाकं वाटून घेतात, कॅम्बरचा ज्याचा त्याला. डाव्यावर दोन्ही पडलेले.

मग जॅक लावला. चाक घड्याळ आहे असं धरून तीन आणि नऊच्या जागी हात ठेवून हलवलं. स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टायरॉडला ढिलाई असेल तर इथे खडखड लागते. मग बारा आणि सहाला. बॉल जॉइंट किंवा बेअरिंग ढिलं असेल तर इथे. दोन्हीकडे काही नाही. काका खाली सरपटत गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, “कुठे आदळली होती?”

आता ते खरं कारण. ऑगस्टमध्ये, वाशीला जाताना, पहाटे चारच्या सुमारास, भर पावसात, पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही. पूर्ण भरलेली गाडी, डावं चाक. असा आवाज झाला की शेजारी झोपलेला आप्पा उठून बसला. “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, स्पीडब्रेकर.” तो परत झोपला. मी पुढे पंपावर उतरून टॉर्च मारला. टायर फुटला नव्हता, डिस्क वाकली नव्हती. नवी गाडी आहे, सहन करेल, असं म्हणून विषय मनातच मिटवला. त्यानंतर स्टीअरिंगवरचं चिन्ह सरळ रस्त्यावरही जरा डावीकडे कललेलं असायचं. ते मला रोज दिसत होतं. आधीपासून तसंच असेल, असं मी ठरवून टाकलं.

काकांनी डावा आणि उजवा टायरॉड शेजारी शेजारी बघायला मला खाली बोलावलं. उजवा सरळ सळईसारखा. डाव्याला मधे जेमतेम पोक आलेलं, लगीनघरात दिवसभर वाकून वाढणाऱ्या माणसाच्या पाठीसारखं. आधीच्या पोराने वाकलेल्या टायरॉडवरच पाना फिरवला होता. आकडा जुळवला असेल कदाचित, पण भरलेल्या गाडीत पुढचा भाग जरा उचलतो, चाकाचा कोन बदलतो, आणि वाकडा रॉड दोन्ही बाजूंना सारखा बदलू देत नाही.

काकांच्या ओळखीच्या सेंटरवर या वेळी दुरुस्तीच्या आधीचा कागद मागून घेतला. टो-आउट एकूण ६ मिलिमीटर. सहा मिलिमीटर म्हणजे काय? पेन्सिलीची जाडी. एवढ्याने इतकं कसं होईल, हे मला पटेना. रात्री वही काढली.

टायर २१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, कुशीची उंची तिच्या ७५ टक्के, डिस्क १५ इंची. यावरून चाकाचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर येतो. सहाचे दोन चाकांत वाटप, प्रत्येकी तीन. ७०३ ला ३, म्हणजे एका किलोमीटरला चार मीटरच्या वर. तेवढं अंतर टायर फिरत नाही, आडवा घासतो. पिंपळगावहून वाशी जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर. त्यात एक हजार सातशे मीटर. हिशेब ढोबळ आहे, रबर थोडं वाकून सावरूनही घेतं, पण मला तो आकडा बघून झोप लागली नाही. प्रत्येक खेपेला मी, जाताना तर दोन टन टोमॅटो लादून, तो टायर पावणेदोन किलोमीटर रस्त्यावर आडवा ओढत होतो. खवणीवर खोबरं ओढावं तसा.

उजव्या मागच्या टायरवर मधल्या झिजेशिवाय आणखी काही तरी होतं. ठरावीक अंतराने उथळ खळगे. मला वाटलं, हाही खड्ड्याचाच प्रताप. काकांनी चाक फिरवलं आणि डिस्कच्या काठावर एक स्वच्छ, बोटभर जागा दाखवली. बाकी डिस्क धुळीने मळलेली, तेवढीच चकचकीत. तिथे बॅलन्सिंगचं वजन होतं, ते कधी तरी पडलं. चाक प्रत्येक फेऱ्यात बारीक उडी मारत होतं. याचा खड्ड्याशी, हवेशी, वजनाशी, माझ्या ड्रायव्हिंग स्टाइलशी संबंध असेल, नसेल. पडलं ते पडलं.

म्हणजे चार टायरांत किमान चार कारणं. मी एक चोर शोधत होतो आणि घरात चौघे निघाले, त्यातले तीन मीच आत घेतलेले.

वेगळी गंमत अशी की सगळ्यांनी खरंच सांगितलं होतं. हवावाला बरोबर होता. मार्केटमधले ड्रायव्हर “ओव्हरलोड” म्हणाले, तेही बरोबर. सर्व्हिस सेंटरच्या तरुणालाही खोटं कसं म्हणू, खड्ड्यात चाक घालणं ही एक स्टाइलच झाली. प्रत्येकाने आपापल्या टायरबद्दल सांगितलं आणि मी ते चारही टायरांना लावून बघत होतो.

नवा टायरॉड बसला, डाव्या बाजूचा कॅम्बर बोल्टवर जमेल तेवढा आणला, अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं. डावा पुढचा टायर टाकून द्यावा लागला. आतल्या कडेला नक्षीच्या खोबणीतली उंचवट्याची खूण रबराच्या बरोबरीला आली होती. ती १.६ मिलिमीटरवर असते. त्यापुढे तो टायर रस्त्यावर आणायचा नाही. स्टेपनी, जी इतके महिने गाडीखाली लटकून कोरी राहिली होती, ती पुढे लावली, आणि उजवीकडे तिच्या जोडीचा नवा घेतला. उजवा जुना स्टेपनीत गेला.

खर्चाचा कागद आप्पापुढे ठेवला तेव्हा स्पीडब्रेकरचंही सांगून टाकलं. त्याने कागदावरून नजर उचलली नाही. म्हणाला, “तेव्हाच कळलं होतं मला. स्पीडब्रेकर एका चाकाला लागतो का?” मग खालच्या ओळीवर बोट ठेवून, “बॅलन्सिंग म्हणजे काय?”

दुसऱ्या रात्री ऐंशी कॅरेट घेऊन निघालो. पंच्याहत्तर म्हटलं होतं, आप्पाने पाच वाढवलीच. हवा स्टिकरप्रमाणे. घोटीच्या पुढे रस्ता मोकळा होता आणि गाडी सारखी डावीकडे जात होती. पोटात गोळा आला. पुन्हा काही वाकलं? आप्पा जागा होता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

“सोड जरा,” म्हणाला.

मी बोटं सैल केली. गाडी सरळ जाऊ लागली. स्टीअरिंगवरचं चिन्ह मधोमध होतं. दोन महिने मी ते डावीकडे धरून चालवत होतो, आणि हात अजून तिकडेच ओढत होते.