पाऊण तासाची मासेमारी

'शेल' कंपनीच्या पेट्रोल पंपावरची पिवळी शिंपली तुम्ही पाहिली असेल. पंख्यासारखी पसरलेली, बुडापासून काठापर्यंत रेघा गेलेली. ही शिंपली खरोखरच समुद्रात असते. इंग्रजीत तिच्या कुळाला स्कॅलप म्हणतात. आपल्या तिसऱ्या, खुबे आणि कालवांची ती लांबची नातेवाईक. पण आपल्या बाजारात ती सहसा दिसत नाही. फ्रान्समध्ये मात्र थंडी सुरू झाली की मासळीबाजारात तिचे ढीग लागतात, आणि नाताळ-नववर्षाच्या जेवणात तिला मानाचे पान असते.

तिचे फ्रेंच नाव 'कोकीय सँ-झाक', म्हणजे संत याकोबाची शिंपली. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे या संताची कबर आहे अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. मध्ययुगापासून युरोपातले यात्रेकरू तिकडे पायी जात आणि यात्रेची खूण म्हणून ही शिंपली टोपीला किंवा अंगरख्याला लावत. त्यावरून हे नाव पडले. आजही त्या वाटेवर दिशा दाखवायला शिंपलीचेच चिन्ह असते.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी फ्रान्सच्या पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांतात, रेन या शहरात शिकते. तिच्या आग्रहामुळे गेल्या नोव्हेंबरात माझे तिकडे जाणे झाले. "मावशी, पॅरिसचा मनोरा सगळेच बघतात, तू इथला बाजार बघ," असे म्हणून तिने शनिवारी सकाळी मला लीसच्या बाजारात नेले. हा बाजार १६२२ पासून भरतो. भाजी, लोणी, फुले, मासळी यांच्या रांगाच रांगा. मासळीच्या रांगेत बर्फावर शिंपल्या मांडलेल्या होत्या, सगळ्या जिवंत. किंचित उघडलेल्या शिंपलीला बोट लावले की ती पटकन मिटते. मिटली नाही तर घेऊ नये, हा तिथल्या गृहिणींचा साधा नियम. तिसऱ्या घेताना आपणही हेच बघतो.

जन्मभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्यामुळे माझे लक्ष आधी वजनाकडे गेले. एक किलो गर हवा असेल तर सहा ते सात किलो शिंपल्या घ्याव्या लागतात. उरलेले वजन कवचाचे. त्यामुळे हा कुणाचाच रोजचा पदार्थ नाही. कामगाराच्या घरात तो सणाला येतो आणि माणशी मोजून वाढला जातो.

बाजार पाहून झाल्यावर समुद्र पाहायचा होता. रेनहून रेल्वेने सँ-ब्रिय आणि तिथून बसने एर्की. सँ-ब्रियच्या उपसागरावरचे हे लहानसे बंदर. गावामागे तांबूस-गुलाबी दगडाचे कडे आहेत. तो दगड काढण्याच्या खाणी एके काळी इथे चालत. आता त्या खड्ड्यांत पाणी साठले आहे आणि पर्यटक त्यांना 'निळी तळी' म्हणतात. तळ्याकाठी उभे राहिल्यावर मला तरी घण मारणारे हातच आठवले.

एर्कीच्या धक्क्यावर कळले की या शिंपलीची मासेमारी घड्याळावर चालते. फ्रान्समध्ये हिचा हंगाम १ ऑक्टोबर ते १५ मे असा ठरलेला आहे. उन्हाळा प्रजननाचा, म्हणून तेव्हा पूर्ण बंदी. हंगामातही सँ-ब्रियच्या उपसागरात होड्यांना आठवड्यातले मोजके दिवसच मुभा मिळते आणि त्या दिवशीही थोडाच वेळ. पाऊण तासासाठी हा उपसागर प्रसिद्ध आहे. हंगाम आणि साठा बघून वेळ थोडी कमी-जास्त होते, एवढेच. ठरल्या क्षणी सगळ्या होड्या लोखंडी दातांची, साखळीच्या जाळीची फणी समुद्रतळावरून ओढू लागतात, आणि वेळ संपली की ती वर घ्यावीच लागते. वरून पाहणीचे विमान फिरते. मग माल लिलावघरात जातो.

या फणीने तळाची खरवड होते हेही खरे, म्हणून वेळेला आणखी महत्त्व. बारकी शिंपली समुद्रात परत टाकतात. शेजारच्या नॉर्मंडीत ११ सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपली विकता येत नाही. एवढी वाढायला तिला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. झाडाच्या खोडाप्रमाणे तिच्या कवचावरही वाढीची वर्तुळे असतात, त्यावरून वय कळते.

हा शहाणपणा फुकट आलेला नाही. १९६२-६३ ची थंडी युरोपात भयंकर होती. ब्रिटनीच्याच टोकाला असलेल्या ब्रेस्टच्या खाडीतला शिंपल्यांचा साठा त्यात कोसळला. सँ-ब्रियला मासेमारीचा जोर वाढत गेला आणि १९७३ मध्ये परवाना पद्धत आली. त्याच सुमारास तीन फ्रेंच संशोधक जपानला जाऊन आले होते. तिथे शिंपल्यांची पिल्ले जाळीच्या पिशव्यांत धरून, वाढवून, मग समुद्रात सोडतात. तोच प्रयोग सँ-ब्रियला करायचे ठरले. मच्छीमारांच्या प्रतिनिधींनी मान्यता दिली की प्रयोगासाठी राखलेल्या जागेत कुणी जाळे टाकणार नाही.

पुढे काय झाले ते मिशेल कालों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एका निबंधात लिहिले. समाजशास्त्राच्या अभ्यासात तो निबंध फार गाजला. पिल्ले पिशव्यांना अपेक्षेप्रमाणे चिकटेनात. आणि एका नाताळच्या आदल्या दिवशी मच्छीमारांनी राखीव जागेवर जाऊन तिथल्या शिंपल्या काढून नेल्या. नाताळ तोंडावर, बाजारात भाव, आणि समोर वाढलेला माल. प्रतिनिधींनी दिलेला शब्द तिथेच विरला.

संघटनेचे काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. बैठकीत चार जण मान डोलावतात, ठराव होतो, टाळ्या पडतात. पण ज्याच्या घरात सणाला पैसे हवे आहेत त्याला कुणी विचारलेले असते का? त्याने स्वतः शब्द दिलेला असतो का? त्या मच्छीमारांना मी लोभी म्हणणार नाही. आपण न काढलेला माल दुसरा काढील, अशी धास्ती असली की गरीब माणूस आजचा घास उद्यावर टाकत नाही. ही धास्ती उपदेशाने जात नाही. सगळ्यांची फणी एकाच मिनिटाला वर येते हे डोळ्यांनी दिसले, तरच ती जाते.

आज तिथे परवाने मर्यादित आहेत, घड्याळ सर्वांना सारखे आहे, आणि दरवर्षी इफ्रेमेर ही सरकारी सागरसंशोधन संस्था साठ्याची मोजणी करते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर आधी मुद्दल मोजायचे, मग व्याजच काढायचे. उपसागरात दोनशेच्या वर होड्या या मासेमारीत आहेत आणि फ्रान्समधल्या शिंपल्यांच्या मोठ्या साठ्यांत या उपसागराची गणना होते. ब्रेस्टच्या खाडीत साठा परत उभा करण्यासाठी तँदुफ येथे १९८३ पासून पिल्ले तयार करण्याचे केंद्र चालू झाले.

नियम एकाला आणि दुसऱ्याला नाही असे झाले की काय होते, तेही याच किनाऱ्याने पाहिले आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी नॉर्मंडीजवळ सेन नदीच्या उपसागरात फ्रेंच आणि ब्रिटिश होड्या एकमेकींवर धावून गेल्या, दगडफेक झाली. फ्रेंच मच्छीमार १ ऑक्टोबरपर्यंत बंदी पाळत होते आणि त्याच पाण्यात ब्रिटिश होड्यांना मात्र ती बंदी लागू नव्हती. मच्छीमार चिडले ते बंदीवर नव्हे, भेदावर.

आता स्वयंपाकघरात येऊ. भाचीच्या मैत्रिणीची आजी एर्कीलाच राहते. तिने उमेदीची वर्षे मासळी निवडण्याच्या कामात घालवली. हात अजून तसेच चपळ. शिंपलीची एक बाजू चपटी आणि एक खोलगट. आजीने बोथट सुरी फटीत घातली, चपट्या बाजूला लावून फिरवली, की शिंपली उघडली. आत मधोमध पांढरा गोल गर. त्याला फ्रेंचमध्ये 'नोआ', म्हणजे अक्रोड, म्हणतात. त्याला बिलगलेली नारिंगी-पांढरी पिशवी म्हणजे 'कोराय', पोवळे. नारिंगी भाग मादीचा, पांढरा नराचा, आणि दोन्ही एकाच प्राण्यात. कडेने असलेली झालर म्हणजे 'दाढी'. ती टाकायची नाही. वाळू जाईपर्यंत धुऊन, कांदा घालून उकळली की झकास रस्सा मिळतो.

पहिला प्रकार अगदी साधा. गर फडक्याने कोरडा करायचा. ओला राहिला तर तव्यावर भाजण्याऐवजी शिजतो. तवा चांगला तापवून लोणी टाकायचे, एकेक गर सुटा ठेवायचा आणि एका बाजूने एक ते दीड मिनिट, दुसऱ्या बाजूने तेवढेच. बाहेरून बदामी, आतून मऊ. आणखी दोन मिनिटे ठेवला की रबर. तिसऱ्या जास्त शिजल्या की वातड होतात, तीच गत.

ब्रिटनीत लोणीही खारे वापरतात. १७८९ च्या क्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती. मीठ स्वस्त म्हणून लोण्यात सढळ पडले आणि चव तीच रुळली. कराचा कायदा स्वयंपाकघरात कुठवर पोचतो पाहा!

दुसरा प्रकार ब्रिटनी पद्धतीचा. बारके कांदे आणि लसूण बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर मऊ करायचे, त्यात गराचे तुकडे आणि पार्सलीची पाने घालायची. हे मिश्रण खोलगट कवचात भरून वर पावाचा चुरा पसरायचा, लोण्याचे दोन ठिपके ठेवायचे आणि भट्टीत चुरा सोनेरी होईस्तोवर भाजायचे. कवच हेच ताट.

तिसरा प्रकार पॅरिस पद्धतीचा. गर आणि अळंबी रश्श्यात तीन-चार मिनिटे उकळून बाजूला काढायची. रस्सा आटवायचा. लोण्यात मैदा भाजून त्यात दूध आणि हा रस्सा घालून दाटसर करायचा, मग अंड्याचा बलक आणि क्रीम. सगळे कवचात भरून, कडेने उकडलेल्या बटाट्याच्या लगद्याची किनार देऊन, वर किसलेले चीज घालून भाजायचे. हाच पदार्थ ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन फ्रेंच सहकारी लेखिकांच्या १९६१ च्या पाककृतीच्या ग्रंथातून अमेरिकेतल्या घराघरांत गेला.

या दोन्ही पदार्थांत रिवाजाने पांढरी वाइन पडते. आम्ही पंचशील पाळणारी माणसे. शिजवताना मद्यार्क सगळा उडून जातो असे पुष्कळ जण सांगतात, पण ते खरे नाही. थोड्या वेळच्या शिजण्यात तो बराच उरतो. भाचीने आधीच आजीला तसे कळवले होते. मला वाटले, म्हातारीला राग येईल. तिने फक्त मान हलवली आणि वाइनच्या जागी दाढीचा रस्सा आणि लिंबाचा रस घातला. "आंबटपणा हवा असतो, बाटली नव्हे," असे तिचे म्हणणे भाचीने मला मराठीत सांगितले. चव कुठेही उणी वाटली नाही.

हा पदार्थ करून बघा असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण परदेशात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले आता कमी नाहीत. त्यांनी एक ध्यानात ठेवावे. गोठवलेल्या पाकिटावर 'नोआ द सँ-झाक' लिहिले म्हणजे माल फ्रान्सचाच असतो असे नाही. या नावावरून कॅनडा, पेरू आणि चिली यांनी १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली होती आणि १९९६ मध्ये तडजोड झाली. इतर देशांतल्या भावंड जातीही हे नाव लावतात. ते चुकीचे नाही, पण बारीक अक्षरांत जातीचे लॅटिन नाव आणि देश छापलेला असतो, तो वाचावा. 'पेक्टेन मॅक्सिमस' लिहिले असेल तर ती एर्कीच्या पाण्यातली जात. भाव द्यायचा तो कशाचा देतो हे ग्राहकाला कळलेच पाहिजे.

जेवायला आम्ही पाच जणी होतो. आजीने प्रत्येकीच्या ताटात चार-चार शिंपल्या ठेवल्या, मध्ये पावाची टोपली. तिचा नातू आत डोकावून आणखी आहेत का म्हणून विचारू लागला. आजीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. होड्या पुन्हा निघायला दोन दिवस होते. पोरगा काही न बोलता पाव घेऊन कवचातला उरलेला रस पुसून खाऊ लागला.