डेल्सफर्ड : एक देऊळ, एक वाडा आणि एक वसुली

ग्लॉस्टरशर परगण्याच्या पूर्व कडेला, ऑक्सफर्डशरला खेटून, डेल्सफर्ड नावाचे एक अगदी लहान खेडे आहे. १९३१ पर्यंत ते वूस्टरशर परगण्यात मोजले जाई. गावात पाहण्यासारख्या गोष्टी दोनच : सेंट पीटरचे चर्च आणि गावच्या जहागीरदाराचा वाडा. इंग्लंडमधल्या शेकडो खेड्यांची हीच मांडणी असते. प्रार्थनास्थळ आणि सत्तास्थान एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, आणि चर्चच्या आवारात वाड्याच्या पिढ्या ओळीने निजलेल्या असतात. डेल्सफर्ड आम्हांला या शेकड्यांतून वेगळे काढावेसे वाटते, त्याचे कारण चर्चच्या मागच्या भिंतीलगत आहे. तेथे दगडी कलशाचे एक साधे स्मारक आहे आणि त्याखाली वॉरन हेस्टिंग्ज विसावला आहे.

मराठी शाळांतून शिकलेल्या कोणालाही हे नाव परके नाही. पहिले इंग्रज-मराठा युद्ध, वडगावचा तह, सालबाईचा तह आणि या सर्वांच्या पलीकडे कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल! आम्हांलाही तो तसाच भेटला होता : परीक्षेत टिपा लिहिण्यापुरता, चेहरा नसलेला. पुढे मेकॉलेने १८४१ मध्ये त्याच्यावर लिहिलेला दीर्घ निबंध वाचनात आला आणि या माणसाला एक गाव होते, हे पहिल्यांदा कळले.

हेस्टिंग्ज घराणे डेल्सफर्डचे फार जुने जहागीरदार. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाची बाजू घेऊन ते खंक झाले, आणि १७१५ मध्ये उरलीसुरली जहागीरही विकावी लागली. वॉरनचा जन्म १७३२ चा. आई बाळंतपणातच गेली, बापाने पाठ फिरवली आणि पोर आजोबांच्या पदरात पडले. आजोबा याच गावच्या चर्चचे पाद्री. पूर्वजांच्या जमिनीवर दुसऱ्याची मालकी आणि आपण त्या जमिनीच्या कडेला, धर्मादायाच्या भाकरीवर! सातव्या वर्षी ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण ही जहागीर परत मिळवण्याचा निश्चय केला, असे हेस्टिंग्ज म्हातारपणी सांगत असे. गेलेले वतन सोडवून घेण्याची ही ओढ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडच्या किती घराण्यांची किती आयुष्ये याच एका ध्यासात झिजली!

हा मुलगा १७५० मध्ये कंपनीचा कारकून म्हणून बंगालमध्ये उतरला. १७७२ मध्ये तो बंगालचा गव्हर्नर झाला, १७७४ मध्ये गव्हर्नर जनरल. त्याच्या आगमनाच्या आधी, १७७० मध्ये, बंगालने भयानक दुष्काळ पाहिला होता. नोव्हेंबर १७७२ च्या अहवालात हेस्टिंग्जने स्वतः लिहिले की, प्रांताची निदान एक तृतीयांश वस्ती नष्ट झाली असावी. आणि तरीही १७७१ सालची वसुली १७६८ पेक्षा अधिक भरली. ती सक्तीने टिकवली गेली, हेही त्याने लपवले नाही. एखाद्या राजवटीविरुद्ध इतकी स्पष्ट साक्ष तिच्याच दप्तरात क्वचित सापडते.

आता आपल्या बाजूकडे वळू. राघोबाला हाताशी धरून मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. तो कलकत्त्याने नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. मुंबईकरांना तो रुचला नाही. जानेवारी १७७९ मध्ये त्यांचे सैन्य घाट चढून तळेगावापर्यंत आले, ओस पडलेल्या, जाळलेल्या मुलखात कोंडले गेले आणि तोफा तळ्यात टाकून मागे फिरताना वडगावला शरण आले. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांचा हा विजय आम्ही लहानपणी अभिमानाने वाचला आणि आजही तो आम्हांला प्रिय आहे. पण त्या धड्यात पुढचा हिशेब नव्हता. हेस्टिंग्जने वडगावचा करार फेटाळला. बंगालमधून निघालेले सैन्य गॉडार्डच्या हाताखाली देश ओलांडून गुजरातेत उतरले, १७८० मध्ये ग्वाल्हेर पडले, वसई पडली. त्याच वर्षी हैदरअलीने कर्नाटकात दुसरी आघाडी उघडली. कलकत्त्याचा खजिना रिकामा झाला.

तो कसा भरला गेला? काशीचा राजा चेतसिंग याच्याकडे ठरलेल्या खंडणीवर जादा रकमा मागण्यात आल्या, आणि १७८१ मध्ये त्याला गादीवरून हाकलण्यात आले. पाठोपाठ फैजाबादच्या अयोध्येच्या बेगमांकडून, त्यांच्या खोजांना कैदेत टाकून, द्रव्य काढण्यात आले. पुढे एडमंड बर्कने पार्लमेंटपुढे मांडलेल्या आरोपपत्रात हीच दोन प्रकरणे अग्रभागी होती. याचा अर्थ असा की, पुण्याने दिलेल्या चिवट झुंजीचे बिल अखेर काशी आणि फैजाबादला चुकवावे लागले. यात नानांचा दोष काही नाही. परंतु अठराव्या शतकातला हिंदुस्थान एकाच वहीत जोडलेला होता, आणि आपण मात्र त्या वहीतले आपले पान फाडून घेऊन वाचत आलो, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते.

१७८८ हे वर्ष पाहा. फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोगाची सुनावणी सुरू झाली आणि त्याच वर्षी हेस्टिंग्जने डेल्सफर्ड विकत घेतले. सुनावणी सात वर्षे रेंगाळली आणि इकडे सॅम्युएल पेपिस कॉकरेल या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार, मधाच्या रंगाच्या स्थानिक दगडात वाडा उभा राहिला. त्यावर घुमट आहे. आत थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेल्या शेकोटीच्या चौकटीवर भारतीय स्त्रियांच्या आकृती आहेत. मालकाने तिथे लिची रुजवण्याचा खटाटोप केला. हिमालयापलीकडून आलेला याकही त्याच्याजवळ होता. जॉर्ज स्टब्जने १७९१ मध्ये त्याचे चित्र काढले. एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चाने त्याचे दिवाळे वाजले होते. कंपनीने त्याला सालाना ४,००० पौंडांची नेमणूक आणि ५०,००० पौंडांचे बिनव्याजी कर्ज दिले, म्हणून वाडा हातचा गेला नाही. कंपनीच्या तिजोरीचा मोठा झरा कोणता, हे वर आलेच आहे.

किंगहॅमच्या रेल्वे स्थानकापासून डेल्सफर्ड पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आम्ही गेलो तो दिवस ढगाळ होता. वाडा खाजगी मालमत्ता असल्याने आत जाण्याचा प्रश्न नव्हता. चर्च मात्र जवळून पाहिले. जुने चर्च हेस्टिंग्जने १८१६ मध्ये नव्याने बांधवले होते. आजची इमारत त्यानंतर सुमारे अर्धशतकाने जे. एल. पिअर्सनने उभारलेली आहे. त्या कलशापुढे उभे असताना संताप यावा अशी आमची जवळजवळ अपेक्षा होती. तो आला नाही. हाच माणूस होता ना, ज्याने चार्ल्स विल्किन्सच्या गीतेच्या इंग्रजी भाषांतराला १७८४ मध्ये प्रास्ताविक पत्र लिहिले, आणि इंग्रजांचे हिंदुस्थानातले राज्य संपून गेल्यानंतरही असे ग्रंथ टिकतील असे त्यात बजावले? फारसी जाणणारा, पंडितांचा मान ठेवणारा, आणि गरज पडताच बेगमांच्या ड्योढीवर पहारे बसवणारा. यांपैकी एक खरा आणि दुसरा मुखवटा, असे ठरवता आले असते तर किती सोयीचे झाले असते! दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही त्या एका दगडाखाली आहेत.

त्याच्याच काळात कृष्णाकाठी, वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणीसांचा वाडा उभा राहिला. तिथेही वाड्यालगत देऊळ आहे, घाट आहे. आणि त्या देवळाच्या आवारात चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आणलेली, पोर्तुगीज चर्चची भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती घंटा पाहताना आपल्याला विजय आठवतो. ती जिथून उतरवली त्या मनोऱ्याखाली उभे राहणाऱ्या माणसांना काय आठवत असेल, हा प्रश्न डेल्सफर्डला जाऊन आल्यावर आम्हांला अधिक टोचू लागला. वसईची घंटा आणि बंगालची वसुली यांची बरोबरी आम्ही करत नाही. एका बाजूला युद्धातली लूट आहे, दुसऱ्या बाजूला भुकेल्या प्रांताचे पद्धतशीर शोषण. पण दुसऱ्याच्या वाड्याचा हिशेब मागताना आपल्या वाड्याची वही उघडी ठेवण्याची तयारी हवी, एवढे मात्र खरे.

हेस्टिंग्ज २२ ऑगस्ट १८१८ रोजी डेल्सफर्डलाच वारला. त्याच्या अडीच महिने आधी, जूनमध्ये, दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला होता आणि पेशवाई बुडाली होती. ती बुडवणाऱ्या गव्हर्नर जनरलचे उपपदही योगायोगाने हेस्टिंग्जच, मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. तो माणूस वेगळा.

१९८८ मध्ये डेल्सफर्डचा वाडा बॅमफर्ड कुटुंबाने घेतला. हे जेसीबी यंत्रांचे उत्पादक. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात विहीर खणायची, बांध घालायचा किंवा जुना वाडा पाडायचा तर आपण ‘जेसीबी बोलवा’ असेच म्हणतो. या कंपनीचा एक कारखाना मावळात, तळेगावजवळ आहे. १७७९ मध्ये इंग्रजांनी जिथे तोफा तळ्यात टाकल्या त्याच मुलखात. यातून काही काव्यगत न्याय काढावा असे आम्हांला वाटत नाही. व्यापार आहे, रोजगार आहे, पिवळी यंत्रे आहेत. फक्त त्या दोन गावांमधला रस्ता अडीचशे वर्षे वाहता आहे आणि त्यावरून काय गेले, काय आले, याची नोंद दोन्ही टोकांना अर्धी अर्धीच ठेवली गेली आहे. ती दोन अर्धुके शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.