हरवलं कुणाचं?

जुन्या संगीताच्या रीइश्यूची जाहिरात वाचली की एक शब्द हमखास भेटतो: ‘हरवलेलं’. हरवलेला अल्बम, हरवलेला खजिना. झांबियातल्या ‘विच’ या बँडच्या तबकड्या ऐकायला लागल्यापासून हा शब्द मला खुपतो.

विच म्हणजे ‘वुई इंटेंड टू कॉज हॅवॉक’, धुमाकूळ घालायचा इरादा आहे! त्यांचा ‘लेझी बोन्स’ १९७५चा. मुद्दाम फाटल्यासारखी वाजणारी फझ गिटार, आणि खाली बास-ड्रमचा पाय हलवायला लावणारा फंक ठेका. या प्रकाराला झामरॉक म्हणतात. गायक इमॅन्युएल चंदा ‘जगारी’ म्हणून ओळखला जायचा. मिक जॅगरचं नाव तिकडच्या जिभेवर रुळून जगारी झालं.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. देश तांब्यावर चालत होता आणि खाणींच्या पट्ट्यातल्या गावांत पगाराबरोबर करमणुकीला गिऱ्हाईक होतं. राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी फतवा काढला की रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियाचंच वाजलं पाहिजे. रोलिंग स्टोन्स, हेंड्रिक्स आणि जेम्स ब्राऊन ऐकून वाढलेली पोरं होती. त्यांनी देशी संगीत केलं ते असं.

मग तांब्याचे भाव कोसळले. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या युद्धाची झळ पोचली. चोरट्या कॅसेटींनी रेकॉर्डची विक्री खाल्ली. पुढे एड्स आला. विचच्या मूळ संचातला एकटा जगारी उरला. तो रत्नांच्या खाणीत नशीब काढायला गेला.

यात संगीत हरवलं कुठे? ज्यांनी त्या काळी विचवर नाच केला, त्यांना जगारी ठाऊकच होता. हरवली होती ती कमाई, आणि वाजवणारी माणसं. ‘हरवलेलं’ हा शब्द लांबून आलेल्या संग्राहकाचा आहे. त्याला ते आत्ता सापडलं, एवढंच.

माझं काम सॉफ्टवेअरचं. कधी मूळ सोर्स कोड गहाळ झालेला असतो आणि चालणारा प्रोग्रॅम तेवढा हाती असतो. मग त्यावरून उलट्या पावलांनी जात तो कसा लिहिला असेल ते शोधावं लागतं. मास्टर टेप मिळत नसेल तर रेकॉर्ड कंपन्याही असंच काहीसं करतात. बऱ्या स्थितीतली जुनी तबकडी मिळवायची, ती वाजवून ध्वनिमुद्रण करायचं, ओरखड्यांचे टकटक आवाज एकेक करून पुसायचे. हे काम कष्टाचं आहे, पण चिकाटीनं होतं. खरी गुंतागुंत कागदांची. हक्क कुणाकडे आहेत? वादक गेला असेल तर वारस कोण, राहतात कुठे, सही कुणाची घ्यायची?

लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ लेबलनं विचचे अल्बम पुन्हा काढले. त्यातून जगारी पुन्हा मंचावर आला, युरोप-अमेरिकेत गायला, आणि २०२३ साली विचचा ‘झांगो’ हा नवा अल्बमही निघाला. पॉल न्गोझी मात्र १९८९ सालीच गेला. त्याच्या ‘न्गोझी फॅमिली’चं एक गाणं टायलर द क्रिएटरनं २०२४ च्या ‘नॉइड’मध्ये वापरलं. ज्या पोरांनी ते ऐकलं, त्यांतली कित्येक न्गोझी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली.

जुनी मूळ प्रत महागड्या दरात विकली जाते तेव्हा पैसा एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातो. वादकाच्या घरी त्यातलं काही पोचत नाही. करार करून काढलेल्या रीइश्यूमध्ये निदान ती शक्यता असते. म्हणून मला रीइश्यू म्हणजे शोधापेक्षा थकलेल्या हिशोबाची वही पुन्हा उघडण्यासारखं वाटतं. हल्ली दुकानात कव्हर हातात आलं की मी ते आधी उलटं करतो आणि मागची बारीक अक्षरं वाचतो. कुणाच्या परवानगीनं छापलंय, ते तिथे लिहिलेलं असतं. कधीकधी नसतंही.