माघातली उजनी

भिगवण मागे टाकून कुंभारगावच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना ऊस असतो, आणि एका वळणावर तो संपून एकदम उजनी धरणाचं पाणी येतं. माघातली पहाट. धुक्यात दिसत काही नाही. नुसती पट्टकदंबांची कुजबुज ऐकू येते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे ओढलेले हे हंस हिमालय ओलांडून इथवर येतात.

त्यांतलाच एक काठाच्या चिखलात मान टाकून पडला होता. मी वाकलो, तसे नाववाले काका ओरडले, "हात लावू नगा! फॉरेस्टवाल्यांना कळवू."

त्यांचं बरोबर होतं. २००५ साली चीनमधल्या चिंघाई सरोवरावर बर्ड फ्लूनं सहा हजारांहून जास्त पाखरं मेली, त्यांत सगळ्यात जास्त हेच हंस. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांमध्ये तो रोग सापडला. तेव्हापासून साथ आली की लोक आभाळाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. हा विषाणू जहाल झाला तो पाळीव कोंबड्या-बदकांच्या दाटीत, आणि रानपाखरांना तो तिथूनच लागला. बारामती-इंदापुरात गावोगाव पोल्ट्रीच्या शेडी आहेत. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरायची की ओढ्यात भिरकवायची, यावर या हंसांचा जीव टांगलेला आहे.

काकांनी जाळं ओढलं. सगळी चिलापी. एका मादीचा जबडा त्यांनी अंगठ्यानं उघडला, तर आतून टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं सांडली. आईच्या तोंडात वाढणाऱ्या या आफ्रिकी माशाची जात १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणली गेली. आज काकांची चूल तिच्यावर पेटते. तिला शिव्या देणं माझ्या जिभेवर येत नाही. पण तळाशी सकर निघाला, कुणीतरी शोभेच्या टाकीतून सोडलेल्या माशांचा वंशज, अंगभर खरखरीत कवच, आणि काट्यांत अडकून जाळं टरकलेलं. काठाला पुण्याच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, चोच फिरवायला उघडा, उथळ चिखल लागतो. तो तिच्याखाली गेला की ते उतरणार कुठे?

पाणीही इथं माणसानंच अडवलं, पळसदेवचं जुनं देऊळ त्यात बुडालं. पाखरं मात्र आपल्या पंखांनी आली.

काकांनी सकर परत पाण्यात टाकला नाही. हंसाजवळ काठी रोवून तिला फडकं बांधलं, फोन केला, आणि गार्ड येईपर्यंत आम्ही दोघं कुत्री हाकलत बसलो.